बाळाच्या घरी जाताना: वंचित कुटुंबांसाठी गृहभेटींचं काम कसं उभं करावं

जमैकातल्या किंग्स्टन शहरात १९८६-८७ मध्ये वाढ खुंटलेली १२९ बाळं निवडली गेली. वय ९ ते २४ महिने. काहींना दर आठवड्याला दुधापासून बनवलेला पूरक आहार मिळाला. काहींच्या घरी आरोग्य कार्यकर्ती दर आठवड्याला तासभर जाऊन आईला बाळाशी खेळायला शिकवायची. काहींना दोन्ही मिळालं, काहींना यातलं काहीच नाही. हे दोन वर्षं चाललं. सुमारे वीस वर्षांनी, ती मुलं कमावती झाल्यावर, खेळाच्या भेटी मिळालेल्यांची कमाई तशा भेटी न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी जास्त निघाली. नुसत्या पूरक आहाराचा सुरुवातीला दिसलेला फायदा मात्र पुढे टिकला नाही.

तिथली खेळणी टाकाऊ वस्तूंतून बनवलेली होती आणि कार्यकर्त्या काही मोठ्या पदव्या घेतलेल्या नव्हत्या. तरीही हे काम दुसरीकडे उभं करताना बऱ्याचदा फसतं. त्याचं सगळ्यात नेहमीचं कारण असं की बाळाशी कार्यकर्तीच खेळते आणि आई बघत बसते. तासभर बाळ खूश असतं, सगळ्यांना बरं वाटतं, कार्यकर्ती निघून जाते आणि आठवड्याचे उरलेले १६७ तास होते तसेच राहतात. खेळ आईच्या हातात कसा द्यायचा, हाच पुढच्या सगळ्या कामाचा प्रश्न आहे. ‘आई’ म्हणजे इथे बाळाला दिवसभर सांभाळणारी व्यक्ती. ती आजी असेल, बाप असेल, मोठी बहीणही असेल.

आधी यादी, आणि ती पायी फिरून

इंग्लंडमध्ये १९९९ साली शुअर स्टार्ट हा लहान मुलांच्या कुटुंबांसाठीचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला तेव्हा ठरवलेल्या गरीब भागांतल्या लहान मुलांच्या कुठल्याही कुटुंबाला त्याचं दार उघडं होतं. २००५ च्या मूल्यमापनात दिसलं की त्या भागातल्या त्यातल्या त्यात सावरलेल्या कुटुंबांना फायदा झाला. अगदी कोवळ्या वयाच्या आयांची, एकट्या पालकांची आणि घरात कोणालाच काम नसलेली मुलं मात्र काही बाबतींत उलट मागे पडलेली दिसली. पुढे सेवा बदलली आणि चित्रही सुधारलं. पण धडा पक्का आहे. दार उघडं ठेवलं की जिला येता येतं ती येते. जिला येता येत नाही, तिच्यासाठीच हे काम आहे.

म्हणून केंद्रात बसून नावनोंदणी करू नका. वस्तीचा हाताने नकाशा काढा, गल्लीवार घरांना क्रमांक द्या आणि दोन-दोन जणींनी प्रत्येक दार वाजवा. तीन वर्षांखालचं मूल किंवा गरोदर बाई आहे का, एवढंच विचारा. मग ही यादी जन्मनोंदणी आणि लसीकरणाच्या नोंदींशी ताडून पाहा. नोंदींत आहे पण घरी सापडलं नाही, किंवा घरी आहे पण कुठल्याच नोंदीत नाही, अशा नावांची वेगळी वही करा. सगळ्यात जास्त गरज असलेली घरं बहुधा याच वहीत सापडतात. भाड्याची खोली सतत बदलणारे, हंगामी कामाला जाणारे, नातेवाइकांकडे तात्पुरते राहणारे लोक असेच निसटतात. फेरी दर तीन महिन्यांनी पुन्हा करायची, कारण बाळं जन्मत राहतात आणि माणसं घरं बदलत राहतात.

सगळ्यांना पुरेल एवढं मनुष्यबळ नसेल तर आधी ही घरं घ्या: जन्मवजन २,५०० ग्रॅमपेक्षा कमी असलेलं किंवा दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेलं बाळ, कुपोषित किंवा अपंग बाळ, वीस वर्षांखालची आई, खचलेली आई, मारहाण किंवा व्यसन असलेलं घर, आणि एकटीने मूल वाढवणारी बाई. ही निवड तुमच्या कागदावर राहू द्या. दारात उभं राहून ‘तुमचं बाळ मागे आहे म्हणून आलो’ असं म्हटलं की ते दार बंद झालंच म्हणून समजा, आणि शेजारणीने ऐकलं असेल तर तिचंही. ‘या वयाच्या बाळांना खेळ आणि बोलणं फार उपयोगी पडतं, तेच दाखवायला येते’ एवढं पुरेसं आहे, आणि ते खरंही आहे.

जमलं तर गरोदरपणातच सुरुवात करा. अमेरिकेत डेव्हिड ओल्ड्स यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस एल्मायरा इथे सुरू केलेल्या परिचारिकांच्या गृहभेटी गरोदरपणात सुरू होऊन मूल दोन वर्षांचं होईपर्यंत चालत. बाळ यायच्या आधी बाईजवळ थोडी उसंत असते, मनात प्रश्न असतात आणि तुमच्यावर विश्वास बसायला वेळ मिळतो. बाळ आल्यावर झोपच नसते, तेव्हा नवी ओळख जड जाते.

किती भेटी, किती घरं

इथे काटकसर करण्याचा मोह होतो आणि इथेच काम पोकळ होतं. जमैकातच हे तपासून झालंय. महिन्यातून एकदा गेलेल्या घरांतली मुलं काहीच न मिळालेल्या मुलांएवढीच राहिली. पंधरा दिवसांनी एकदा गेल्यावर थोडा फरक पडला आणि आठवड्याला गेल्यावर ठळक. पैसा तेवढाच असेल तर दुप्पट घरांत निम्म्या भेटी देण्यापेक्षा थोड्या घरांत पूर्ण भेटी द्या. यादीवरचा आकडा लहान दिसेल, वरून विचारणाही होईल. तरी हाच निर्णय बरोबर आहे.

हिशेब असा मांडा. भेट ४५ ते ६० मिनिटांची, पायी जायला-यायला २० ते ३०, नोंदीला १०. म्हणजे एका भेटीला साधारण दीड तास. दिवसाला चारच्या वर भेटी नीट होत नाहीत. आठवड्यात चार दिवस भेटींचे धरले तर १६ जागा होतात. पाचवा दिवस खेळणी बनवायला, बैठकीला आणि हुकलेल्या भेटींना राखून ठेवा. बाळ आजारी, घराला कुलूप, पाणी भरायची वेळ, यात भेटी हुकणारच. म्हणून एका कार्यकर्तीकडे दर आठवड्याच्या भेटीची १२ ते १४ घरं पुष्कळ झाली. पंधरवड्याची भेट असेल तर २५. ओल्ड्स यांच्या कार्यक्रमातही एका परिचारिकेकडे साधारण २५ कुटुंबं असतात.

दर आठवड्याला जाणं शक्यच नसेल तर घरभेटीला गटाची जोड द्या. पाकिस्तानातल्या सिंध प्रांतात लेडी हेल्थ वर्कर, म्हणजे वस्तीतल्या सरकारी आरोग्य कार्यकर्त्या, महिन्याला घरभेट आणि शिवाय महिन्याला आयांची गटबैठक घेत होत्या. दोन वर्षांच्या मुलांची समज, भाषा आणि हालचाली यांत फरक दिसला. गटात सहा ते आठ आया आणि त्यांची बाळं असावीत, बाळांच्या वयात सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर नको. वीस आया बोलावल्या की त्याचं भाषण होतं.

भेटीचा तास

कुठे बसायचं हे सगळ्यात आधी ठरवा. आई आणि बाळ समोरासमोर जमिनीवर, तुम्ही आईच्या बाजूला, किंचित मागे. बाळ आणि आई यांच्या मध्ये बसलात की पुढचा सगळा तास तुमच्या हातात येतो आणि आईच्या हातातून जातो. खेळण्यांची पिशवी बंद करून तुमच्या पाठीशी ठेवा. समोर ठेवली तर बाळाचं लक्ष पिशवीतच राहतं.

पहिली पाच मिनिटं आईची. ती कशी आहे, झोप झाली का, घरात काय चाललंय. हे उरकून टाकायचं नाही. घरात कोणी आजारी आहे किंवा सकाळपासून पोटात काही नाही असं कळलं तर ठरवलेला खेळ बाजूला ठेवा आणि आधी त्याचं काय करता येईल ते पाहा. जागतिक आरोग्य संघटनेने इतर संस्थांसह २०१८ साली मांडलेल्या संगोपनाच्या चौकटीत पाच अंगं आहेत: आरोग्य, पोषण, बाळाच्या खुणांना साद देणारं संगोपन, शिकण्याच्या संधी आणि सुरक्षितता. खेळ शिकवायला आलो म्हणून भुकेकडे काणाडोळा केला तर दुसऱ्या भेटीला आई घरात सापडत नाही.

मग मागच्या आठवड्याचा खेळ. ‘केलात का?’ असं विचारू नका. त्याचं उत्तर नेहमी ‘हो’ असतं. ‘मागचा खेळ दाखवा ना’ म्हणा. ती दाखवते तेव्हा दोन मिनिटांत कळतं की घरात खेळ झाला की खेळणं उंच फळीवर जसंच्या तसं राहिलं. फळीवर राहिलं असेल तर कारण विचारा. बहुतेक वेळा कारण साधं असतं. खेळणं हरवलं तर भरून द्यावं लागेल अशी भीती असते, किंवा मोठी भावंडं ते पळवतात. पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगून ठेवा की खेळणं मोडलं, हरवलं तरी चालेल. भावंडाला खेळात ‘मदतनीस’ करून घ्या.

आता नवा खेळ. दहा महिन्यांच्या बाळाचं उदाहरण घेऊ. खेळ एक, वस्तू दोन: एक रंगीत चेंडू आणि एक रुमाल. कार्यकर्ती आईला आधी सांगते की या वयात बाळाला कळायला लागतं की वस्तू दिसेनाशी झाली तरी असते, तेच आपण त्याला शोधू देणार आहोत. मग एकदाच, जेमतेम मिनिटभर, करून दाखवते: चेंडू बाळाला दाखवला, त्यावर रुमाल अर्धवट टाकला, ‘चेंडू कुठे गेला?’ म्हटलं आणि थांबली. बाळाने रुमाल ओढला. लगेच चेंडू आणि रुमाल दोन्ही आईच्या हातात. आता कार्यकर्तीचे हात मांडीवर. आई रुमाल टाकते, बाळ बघत राहतं, दोन सेकंदांत आईच रुमाल उचलते. इथे कार्यकर्ती हात पुढे करत नाही. ती हळूच म्हणते, ‘ताई, आता मनात पाचपर्यंत मोजा, मग बघू काय करतो ते.’ आई मोजते. तिसऱ्या-चौथ्या आकड्याला बाळाचा हात पुढे येतो.

ही थांबण्याची पाच सेकंदं सगळ्यात अवघड असतात. कुपोषित किंवा दिवसाआधी जन्मलेली बाळं प्रतिसादाला आणखी वेळ घेतात, त्यांच्यासाठी दहापर्यंत मोजायला सांगा. मोठ्या माणसाला ती शांतता रिकामी वाटते. बाळ त्या वेळात ठरवत असतं.

आईने केलेल्या कामाचं कौतुक करा, पण नेमकं. ‘छान, छान’ने काही कळत नाही. ‘तुम्ही थांबलात म्हणून त्याने स्वतः रुमाल काढला’ यातून तिला कळतं की काय केल्याने काय झालं. बाळाचं कौतुक तिच्या तोंडून होऊ द्या. बाळ तुमच्याकडे बघून हसलं तर नजर आईकडे वळवा आणि म्हणा, ‘बघ, आईला दाखव.’

खेळ बाळाला फार सोपा निघाला तर एक पायरी चढा: रुमाल पूर्ण टाका, मग दोन रुमालांपैकी एकाखाली लपवा. अवघड गेला तर चेंडू अर्धा उघडा ठेवा. बाळाने तोंड फिरवलं, डोळे चोळले, पाठ ताठ केली तर त्याचं पुरे झालंय. तिथे थांबायचं. ‘अजून एकदाच’ म्हणून ताणलं की आई शिकते ती ताणण्याची गोष्ट.

पुढची दहा मिनिटं बोलण्याची. चित्रांचं पुस्तक, गाणं, किंवा घरातल्याच वस्तूंची नावं. बाळाने बोट दाखवलं, आवाज काढला की आईने त्याला शब्द द्यायचा आणि पुन्हा थांबायचं. बाळ ‘बा’ म्हणालं तर आई ‘हो, बॉल. लाल बॉल’ म्हणते. बाळाकडून शब्द म्हणवून घेण्याची परीक्षा नको.

शेवटी एक ठराव करा: हे दिवसात कधी होईल? ‘वेळ मिळेल तेव्हा’ म्हणजे कधीच नाही. अंघोळीच्या वेळी, कपडे धुताना, झोपवताना, अशी रोज होणारीच एक वेळ आईनेच निवडावी. पाच-पाच मिनिटांचे दोन-तीन तुकडे पुरतात. मागचं खेळणं परत घ्या, नवं ठेवा आणि नोंद बाहेर पडल्यावर करा. समोर बसून फॉर्म भरला की आईला तपासणी झाल्यासारखं वाटतं.

वयाप्रमाणे काय न्यावं

पहिले तीन महिने चेहरा हेच खेळणं. २० ते ३० सेंटीमीटर अंतरावरून बोलणं, बाळाने आवाज काढला की तसाच आवाज परत करणं. तीन ते सहा महिन्यांत खुळखुळा आणि हात पोचेल अशी टांगलेली वस्तू. सहा ते नऊमध्ये हातातली वस्तू या हातातून त्या हातात, आपटणं, टाकणं. नऊ ते बारामध्ये लपाछपी, डब्यात घालणं-काढणं. बारा ते अठरामध्ये दोन-तीन ठोकळ्यांचा मनोरा, डोळे-नाक-कान दाखवणं. दीड ते दोन वर्षांत लहान-मोठं वेगळं करणं आणि बाहुलीला भरवल्यासारखा खेळ. दोन ते तीनमध्ये दोन, मग तीन, मग चार तुकड्यांची जुळणी, एकसारखे रंग, आणि गोष्ट.

खेळणी विकत आणायची गरज नाही, पण बनवताना हयगयही नको. खुळखुळ्याला २०० ते ३०० मिलिलिटरची स्वच्छ पारदर्शक बाटली घ्या, एक तृतीयांश भाग खडे किंवा रंगीत तुकड्यांनी भरा. काठोकाठ भरली तर आवाजच येत नाही. झाकण आतून चिकटवा, वरून चिकटपट्टीचे तीन वेढे द्या आणि मोठ्या माणसाने जोर लावून उघडून पाहा. उघडलं तर ते बाळाला द्यायचं नाही. ठोकळे साधारण ५ सेंटीमीटरचे, कडा घासून गोल केलेले. पुस्तकाला सहा ते आठ पुठ्ठ्याची पानं, पानावर एकच मोठं चित्र, शिवण दोऱ्याची. स्टेपलची तार निघून बाळाच्या तोंडात जाते.

तीन वर्षांखालच्या मुलांसाठी ठाम नियम असा: ३.२ सेंटीमीटर व्यासाच्या नळीतून जी वस्तू आत जाते ती गळ्यात अडकू शकते, ती देऊ नका. वीतभरापेक्षा लांब दोरी नको. बटणासारखी बॅटरी आणि चुंबक अजिबात नको, ती गिळली तर अन्ननलिका किंवा आतडी जखमी होतात. परत आलेली खेळणी साबणाने धुवा, पूर्ण वाळवा आणि मगच दुसऱ्या घरी न्या. ओली बाटली बंद केली की आत बुरशी धरते.

आई खचलेली असेल तर

ती खेळ दाखवते, पण चेहरा हलत नाही. बाळ आवाज करतं आणि तिचं लक्ष जात नाही. घर पूर्वी आवरलेलं असायचं, आता नाही. अशा वेळी ती निष्काळजी आहे असं नोंदवू नका. दोन प्रश्न विचारा, एकटीला गाठून: गेल्या दोन आठवड्यांत मन उदास, निराश राहिलंय का? आणि पूर्वी आवडायच्या गोष्टींत मन लागेनासं झालंय का? एकाचंही उत्तर ‘बरेच दिवस’ असेल तर पुढची तपासणी हवी. हे निदान नाही, पुढे पाठवण्याची खूण आहे. स्वतःला किंवा बाळाला काही करावंसं वाटतं असं ती म्हणाली तर तिला एकटं सोडू नका. घरातलं विश्वासाचं माणूस सोबत घ्या आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

यात गावपातळीवरच्या कार्यकर्तीलाही पुष्कळ करता येतं. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या ग्रामीण भागात नैराश्य असलेल्या आयांसाठी लेडी हेल्थ वर्करना संवादाची ठरावीक पद्धत शिकवली गेली. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा त्यांच्यापैकी २३ टक्के आया नैराश्यात होत्या, नुसत्या नेहमीच्या भेटी मिळालेल्यांमध्ये ५३ टक्के. हा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. खचलेल्या आईला नवा खेळ देऊ नका. तिला जमतं असं एकच काम द्या, दिवसातून एकदा, आणि पुढच्या भेटीत त्याचीच विचारपूस करा.

घरात मारहाण होत असल्याचा संशय असेल तर इतरांसमोर विचारू नका, घरात छापील पत्रक ठेवू नका, आणि पुढची वेळ तिनेच ठरवावी.

निर्णय सासूच्या हातात असेल तर तिला बाजूला सारून काही होत नाही. पहिल्या भेटीतच तिला विचारा की तिने मुलं कशी वाढवली, कोणती गाणी म्हणायची. तिचं एखादं गाणं खेळात घ्या. बापाची गाठ संध्याकाळीच पडते, म्हणून महिन्यातून एक भेट उशिराची ठेवा. तो नुसता बघत बसला तर खेळणं त्याच्या हातात द्या.

पुढे पाठवायच्या खुणा

प्रत्येक कार्यकर्तीजवळ दंडघेर मोजायची पट्टी असावी. ६ ते ५९ महिन्यांच्या बाळाचा डावा हात सैल लोंबता ठेवून खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर मोजा. ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी, किंवा दोन्ही पावलांवर सूज म्हणजे तीव्र कुपोषण. त्याच दिवशी दवाखाना. ११.५ ते १२.५ म्हणजे मध्यम. पट्टी आवळली किंवा ढिली धरली तर आकडा चुकतो, म्हणून दोनदा मोजा.

मोठ्या आवाजाला न दचकणारं बाळ, चार महिन्यांनंतरही मान न धरणारं, नऊ महिन्यांनंतर आधाराशिवाय न बसणारं, दीड वर्षानंतर न चालणारं किंवा एकही अर्थाचा शब्द न बोलणारं, या सगळ्यांची तपासणी करून घ्या. आणि येत असलेली गोष्ट विसरलेलं मूल कुठल्याही वयात थेट पाठवा. ‘मुलगे उशिरा बोलतात’, ‘याचा बापही उशिरा चालला’ असं घरचे म्हणतील. कान तपासायला महिनाभरही थांबू नका. ऐकण्याचा दोष सहा महिन्यांच्या आत लक्षात आला तर भाषेला मोठा आधार मिळतो.

दिवसाआधी जन्मलेल्या बाळाचं वय दोन वर्षांपर्यंत सुधारून धरा. बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलं म्हणजे आठ आठवडे आधी. आज सहा महिन्यांचं असेल तर टप्पे पाहताना सुमारे चार महिन्यांचं धरायचं. हे न केल्याने ठीकठाक बाळांच्या आया उगीच घाबरतात.

पाठवणं म्हणजे चिठ्ठी देणं नव्हे. चिठ्ठी उशीखाली राहते. कुठे, कोणत्या वारी, किती वाजता, कोणाला भेटायचं हे ठरवून द्या. पहिल्या वेळी शक्य तर सोबत जा. घरच्या दुसऱ्या मुलांना कोण पाहील हेही ठरवा, कारण बहुतेक वेळा आई तिथेच अडते. सात दिवसांनी विचारा. न गेल्यास अडचण शोधा, दटावू नका.

कार्यकर्तीला कोण सांभाळतं

अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये १९९० च्या दशकात ओल्ड्स यांचाच कार्यक्रम काही घरांत परिचारिकांनी आणि काही घरांत कमी शिकलेल्या कार्यकर्त्यांनी चालवला. कार्यकर्त्यांच्या घरांतला परिणाम बऱ्याच बाबतींत परिचारिकांच्या निम्माच होता. जमैकात कमी शिकलेल्या कार्यकर्त्यांनीच मोठा फरक घडवला. दोन्ही खरं आहे. फरक शिक्षणाइतकाच हातात काय दिलं यावर पडतो: आठवड्यागणिक ठरलेला अभ्यासक्रम, तयार खेळणी आणि सतत सोबत असणारी पर्यवेक्षिका.

आठ ते दहा जणींमागे एक पर्यवेक्षिका ठेवा. तिने महिन्यातून एकदा प्रत्येकीसोबत घरभेटीला जावं आणि पाच गोष्टी पाहाव्यात. आईने खेळ करून दाखवला का? नवा खेळ आईच्या हातात किती वेळ होता? कौतुक नेमकं होतं का? बाळाला पोचेल असा खेळ होता का? खेळणं घरात राहिलं का? घरात असताना पर्यवेक्षिकेने चूक दुरुस्त करू नये, आईसमोर कार्यकर्तीची किंमत जाते. बाहेर पडल्यावर आधी कार्यकर्तीलाच विचारावं की काय जमलं. फॉर्म तपासणारी पर्यवेक्षिका फॉर्म सुधारते, भेट नाही.

सुरुवातीचं प्रशिक्षण निदान दहा दिवसांचं घ्या, आणि त्यातला निम्म्याहून जास्त वेळ खऱ्या बाळांसोबत आणि एकमेकींवर सराव करण्यात जाऊ द्या. पगार वेळेवर द्या. दरवर्षी कार्यकर्ती बदलली की घर पुन्हा नव्या माणसाशी ओळख करून घेत बसतं, आणि तिसऱ्या वेळी दार उघडत नाही.

दुसरीकडचा कार्यक्रम जसाच्या तसा उचलताना इंग्लंडचा अनुभव लक्षात ठेवा. तिथे ओल्ड्स यांचाच कार्यक्रम किशोरवयीन आयांसाठी नेला. २०१६ मध्ये निघालेल्या चाचणीत गरोदरपणातलं धूम्रपान, जन्मवजन, लगेचचं दुसरं गरोदरपण, बाळाला तातडीने दवाखान्यात न्यावं लागणं, यांत फरक दिसला नाही. आधीच मिळणाऱ्या सेवा तिथे भक्कम होत्या. तुमच्या वस्तीत काय आधीच मिळतंय आणि काय नाही ते लिहून काढा, मग कार्यक्रम निवडा. गाणी, चित्रं, खेळण्यांचं सामान बदला, बेलाशक. भेटींची संख्या, आईचा सराव आणि घरात राहणारं खेळणं याला हात लावू नका.

मोजायचं काय, आणि थांबायचं कसं

तीन आकडे पुरतात. ठरलेल्या भेटींपैकी किती झाल्या. यादीत नावं असलेल्या घरांपैकी किती अजून तुमचं येणं मान्य करतात. आणि गेल्या तीन दिवसांत घरातल्या कोणी मोठ्या माणसाने बाळाबरोबर वाचणं, गोष्ट सांगणं, गाणं म्हणणं, बाहेर नेणं, खेळणं, आणि नावं-आकडे-चित्रं यांपैकी किती गोष्टी केल्या. सहापैकी चार किंवा जास्त हे जगभर वापरलं जाणारं माप आहे. विकास तपासणीतलेच ठोकळे आणि चित्रं खेळायला देऊ नका, नाहीतर गुण वाढतात आणि मूल तिथेच राहतं.

कोलंबियात ९६ नगरपालिकांत वस्तीतल्याच बायकांनी दीड वर्षं दर आठवड्याला भेटी दिल्या. मुलांच्या समजेत फरक पडला. भेटी संपल्यानंतर दोन वर्षांनी पाहिलं तर तो राहिला नव्हता. म्हणून शेवट आधीच आखा. शेवटच्या तीन महिन्यांत भेटी पंधरवड्यावर आणा, मग महिन्यावर. त्याच काळात मुलाचं नाव जवळच्या बालवर्गात घाला. शाळेतल्या बाईंना एकदा आईसोबत भेटा आणि मुलाला कोणता खेळ आवडतो, काय अवघड जातं, कोणत्या शब्दाला ते वळून बघतं, हे एका पानावर लिहून द्या. ते पान आईच्या हाताने जाऊ द्या. शेवटच्या भेटीत खेळणी परत मागू नका.